खोबरेलाने अडलेलं रिव्हॉल्व्हर

प्रिय अहो,

चाक फिरलं! हे ऐकून नाचणारं घरात आता दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितेय.

तुमचं ते लाडकं रिव्हॉल्व्हर हो! जुन्या नमुन्यावर नवीन बनवलेलं, सुटी गनपावडर भरून उडवायचं. शेवटचे दोन हिवाळे ते बंदच होतं. घोडा मागे ओढला तरी गोळ्यांचं चाक जागचं हलायचं नाही. बनवणाऱ्यांना किती शिव्या घातल्यात तुम्ही!

तुम्ही गेलात आणि तुमच्या नेमबाजी क्लबातला ब्रायन आला. "सुमेधा, आय विल टेक इट फॉर पार्ट्स." तुमचं रिव्हॉल्व्हर, आणि सुटे भाग? असा राग आला मला! म्हटलं, दुरुस्त नाही झालं तर ने. कोर्स केला, परीक्षा दिली, बंदुकीचं लायसन्स काढलं. आपली ऋचा फोनवर म्हणते, "आई, आर यू सीरियस?"

काल ते रिकामं असल्याची खात्री केली आणि खोललं. आत पांढरे गोळे! वास घेतला तर चक्क खोबरेल! अहो, अशा सुट्या गनपावडरच्या हत्याराला खनिज तेल चालत नाही, काजळी चिकट होते, हे खरं. पण इथं कॅनडात, सस्काटूनच्या थंडीत, आपल्या गार बेसमेंटमध्ये, खोबरेल? ते थिजलं, तुम्ही घोडा जोर लावून ओढलात, आणि चाक ढकलणाऱ्या पट्टीची स्प्रिंग तुटली. हिवाळ्यात तेलाची बाटली गरम पाण्यात कोण ठेवायचं या घरात? मला विचारायला काय झालं होतं?

हसता हसता रडू आलं. मग सगळं पुसून काढलं आणि स्प्रिंगच्या जागी माझ्या केसांच्या पिनेचा तुकडा बसवला. ही युक्ती व्हिडिओत पाहिली होती. तीन तुकडे वाया गेले, चौथा बसला. घोडा ओढला. टक! चाक एक घर पुढे. सहा वेळा ओढला, सहाही वेळा फिरलं!

आज रेंजवर गेले. तुम्ही इतकं बोलवायचात, आणि मी थंडीचं कारण सांगून कधी आले नाही. चुकलंच माझं. सहा बार काढले. केवढा धूर! कागदाला एक भोक पडलं असेल तर शपथ. ब्रायन हसत म्हणाला, "सो, नो पार्ट्स?"

"नो पार्ट्स," म्हटलं. "अँड नेक्स्ट सॅटर्डे आय विल बीट यू."

रिव्हॉल्व्हर आता माझ्या नावावर झालंय. माझ्या हातात जोर आहे तोवर त्याचा एक स्क्रूसुद्धा कुणाला मिळणार नाही. वचन देते.

कानात अजून बार घुमत असलेली,
तुमची सुमेधा