ओहोटीचा नमुना पायी घेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
खाडी जलतपासणी कार्यालय.

विषय : भरतीची वेळ. बायकोचे पाय. चिखलात न जाणारी बोट. अकरा वर्षे एकच शेरा.
संदर्भ : माझी तक्रार, आणि तिच्यावरचा माझाच अहवाल.

महोदय,

१. मी आपल्या कार्यालयात नमुना संकलक आहे. खाडीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत देणे हे माझे काम. नमुना कार्यालयाच्या बोटीतूनच घ्यावा, असा नियम आहे. बोट ओहोटीला चिखलात रुतते, म्हणून आम्ही भरतीलाच जातो. तेव्हा समुद्र आत आलेला असतो आणि वसाहतींच्या नाल्याची घाण त्यात विरते. अकरा वर्षे मी "समाधानकारक" लिहून सही केली.

२. पत्नी त्याच खाडीत शिंपल्या वेचायची. त्या ओहोटीलाच सापडतात, आणि ओहोटीला खाडीत फक्त नाला वाहतो. तिच्या पायांवरच्या जखमा सात महिने झाले तरी भरत नाहीत. उजवा पाय वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. ती मला म्हणाली, "तुमच्या त्या बाटलीतल्या पाण्यात उभी राहते मग. ते चांगलं असतं ना?" आता तिच्या जागी थोरली मुलगी जाते. परवा तिच्या घोट्यावर पहिला फोड आला.

३. मी तक्रार केली. ती रीतसर चौकशीसाठी त्या भागाच्या संकलकाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. मी बोटीने गेलो, भरतीला. आकडा मर्यादेत आला. आकडा मर्यादेत असला की शेरा ठरलेला आहे, तो मी लिहिला : तक्रारीत तथ्य आढळले नाही.

४. मग रजा टाकून ओहोटीला मांडीभर चिखलातून पायी गेलो आणि बाटली भरून आणली. प्रयोगशाळेने ती परत केली, कारण रजेवरचा संकलक हा खाजगी इसम. कामावर असलो तर बोट सक्तीची. राजीनामा दिला तर कायमचाच खाजगी. वरिष्ठ लिपिक चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं म्हणणं तुम्हीच खोटं पाडलंय. आता आम्ही कोणाची बाजू घ्यायची?"

५. तरी एकच दिवस मला कामावर असताना पायी जाण्याची परवानगी मिळावी. ते जमत नसल्यास माझ्या आजवरच्या सगळ्या सह्या रद्द कराव्यात. हा अर्ज अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवू नये. आला तर मला त्यावर लिहावे लागेल, आणि मी काय लिहीन ते आपणास ठाऊक आहे.

आपल्याच कार्यालयाचा,
आजपुरता खाजगी इसम
(सही, नेहमीचीच)
दिनांक : रजेचा तिसरा दिवस

सोबत : परत आलेली बाटली, झाकण घट्ट लावून.

लग्नानंतर पहिल्या वर्षी पत्नीने मला याच खाडीत पोहायला शिकवले.