नीड, वॉन्ट आणि आईची शिवणमशीन

काळेवाडी, सोमवार

ती. सोपानदादा यांस धाकट्या कौशल्येचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

एस.टी.ने पाठवलेले सर्व पोचले: ज्वारी सात किलो, शेंगदाणे दोन किलो, वहिनींच्या कुरडयांचा डबा (तीन मोडल्या). रिक्षाला साठ रुपये पडले, ठरले पन्नास होते. वहिनींचे गुडघे कसे आहेत? पांडुरंगाच्या कृपेने आमच्या प्रकृती ठीक, यांचे डोके तेवढे तपासायचे आहे.

झाले असे, की यांना चाकणच्या कंपनीत तीन दिवस ट्रेनिंग दिले. नीड वेगळे आणि वॉन्ट वेगळे, हे शिकून आले. (आपले दोन्हीला 'पाहिजे' म्हणून भागते. दहावीपर्यंत मला कुणी फरक विचारला नाही.) महिन्याभरात वापरली ती वस्तू नीड, नाही वापरली ती वॉन्ट. वॉन्टला लाल कार्ड बांधायचे आणि पंधरा दिवसांत कुणी वापरून दाखवली नाही तर भंगारात. कंपनीत ठीक आहे, पण हे कार्डांचा गठ्ठा घरी घेऊन आले. पाटा-वरवंट्याला बांधले, मी त्याच दुपारी चटणी वाटून कार्ड सोडले. घंगाळाला बांधले, तर दुसऱ्या दिवशी यांचेच अंघोळीचे पाणी त्यात काढले. मग आईच्या शिवणमशीनला बांधले. तिथे मी अडले, कारण तिची खालच्या दोऱ्याची बॉबिन केस दोन वर्षांपासून हरवली आहे, तिच्याशिवाय टाका पडत नाही.

तेव्हा मीही एक कार्ड उचलले आणि खाली पार्किंगमध्ये कापडाखाली निजलेल्या यांच्या स्कूटरला बांधून आले. सात वर्षांत ती एकदाही सुरू झालेली नाही. हे म्हणाले, "ती नीड आहे." कशी, विचारले. तर म्हणाले, "असू दे गं." आता हे 'असू दे' कोणत्या रकान्यात लिहायचे, ते ट्रेनिंगमध्ये राहून गेलेले दिसते. सध्या दोन्हीकडे कार्डे लटकत आहेत. मी काही हटणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कौशल्या

ता. क. फोन करू नये. हे स्पीकर लावून ऐकतात.

आणखी ता. क. आईच्या बटणांच्या डब्यात जुनी बॉबिन केस असेल, ती पाठवावी. येत्या रविवारी भंगारवाला येणार. मला शिवायचे काहीच नाही, ब्लाऊजसुद्धा बाहेर शिवायला टाकते. खरे तर मशीन वॉन्टच आहे. चाकाच्या मुठीवर आईच्या हाताने रंग गेलाय, तेवढ्यासाठी हवी. हे यांना कळू नये. केस सापडली नाही तरी 'पाठवली आहे' एवढे यांना दाखवायला उलट टपाली कळवावे. रोज देवापुढे बसणारी मी, मला खोटे बोलवत नाही; तुम्हाला जमते.