सही न करणारा सल्लागार

३ जून
यंदा टॅक्सचं रिटर्न योग्य माणसाकडूनच भरायचं. निर्णय पक्का. रिफंडमधून हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी ऑगस्टची तारीख दिली आहे. मेहुणा म्हणाला, दाजी, आधी नोंदणी नंबर विचारा, मग खुर्चीत बसा. त्याचा कुणावर विश्वासच नाही. मला माणूस पारखता येतो.

६ जून
दोन ठिकाणी गेलो. पहिल्या बाईंच्या भिंतीवर परवाना, प्रमाणपत्रं, सगळं फ्रेममध्ये. एवढं मिरवायचं कशाला? रिफंड किती, ते कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही म्हणाल्या. श्रद्धाच नाही.
दुसरा लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत बसतो. फाइल उघडण्याआधी त्याने डोळे मिटून हात जोडले. माझं तिथेच ठरलं. नोंदणी नंबर विचारायचा राहिला. प्रार्थनेनंतर बरं दिसलं नसतं.

११ जून
त्याच्याकडे आईचा विषय निघाला. ती जाऊन तीन वर्षं झाली हे सांगताना चष्मा काढून पुसावा लागला. त्याने पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. रिफंड दुप्पट येईल म्हणाला. फी रोख आणि आगाऊ. रिटर्नवर स्वतःची सही करत नाही. म्हणाला, माझं नाव कशाला, करवून घेणारा वर बसलाय. इतका निगर्वी माणूस, या धंद्यात!
हिला सांगितलं. म्हणते, अहो, नोटीस आली तर तीही वरच जाईल का? हिची जीभ गुडघ्यापेक्षा बरी चालते.

१४ जून
सही केली. छापील प्रतीत माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांमध्ये आईचं नाव, पुढे औषधोपचाराचा मोठा खर्च. डोळे पाणावले. माझ्याशिवाय कुणीतरी तिची आठवण ठेवली.

२२ जुलै
नोटीस. आईची यंदाची हॉस्पिटलची बिलं मागितली आहेत. रिफंड अडकवला. खात्याचाच काहीतरी घोळ. तो निस्तरेल.

२३ जुलै
खोलीला कुलूप. लॉन्ड्रीवाला म्हणाला, काका, आज तुम्ही पाचवे. मला वाटतं, तो एकांतात साधनेला बसला असेल.

३० जुलै
कर कार्यालय. अधिकाऱ्याने विचारलं, रिटर्न कुणी भरून दिलं? मी वर्णन केलं. शांत चेहरा, स्वच्छ शर्ट. तो म्हणाला, नाव सांगा. नाव आपल्याला माहीत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. सही एकट्या माझी. दंडही माझ्याच नावावर.

२ ऑगस्ट
हिने स्वतःच हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. दुपारी मेहुणा आला. दोघं नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे निघाले. फाइल मांडीवर धरून ही एकेका पायरीवर बसत जिना उतरू लागली. मीही चप्पल घातली. ही म्हणाली, तुम्ही नका येऊ. आईंच्या मृत्यूचा दाखला तेवढा काढून द्या.
दिला.