छपरीतली शाळा

९ जाने. २०१२, सोमवार
पार्सल आले. सुनेच्या, ट्रीजाच्या नावाचे, पण सही पोस्टमनने माझी घेतली. आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि सही माझी.
पुस्तके निघाली. अकरा. ट्रीजाच्या बहिणीने परदेशातून धाडली. तिकडे म्हणे अशी पुष्कळ ख्रिस्ती घरे आहेत, मुलांना शाळेत घालत नाहीत, आईच शिकवते, जुन्या पद्धतीने. आधी पाठांतर, मग वाद, मग भाषण. मी म्हटले, मग परीक्षा? ट्रीजा म्हणाली, "बाबा, परीक्षा शेवटी येते." कधी ते सांगितले नाही.
वसईची कंपनी बंद पडल्यावर मुकेश बायको-पोरीला घेऊन गावी आला त्याला तीन वर्षे झाली. पोरगी क्लारा, मी कला म्हणतो, नऊ वर्षांची. जूनपासून तिची शाळा बंद. तिला येते तेच वर्गात पुन्हा लिहायला लावतात, हे कारण.

११ जाने.
सकाळी छपरीत, पुढच्या बंदिस्त पडवीत, वर्ग. आधी छातीवर क्रूस काढतात, मग सुरू. कला डोळे मिटून म्हणत होती, मेन्सा, मेन्सा, मेन्साम, मेन्से...
मी विचारले, "हे काय होय?"
"टेबल, आजोबा. लॅटिनमधलं."
"आपल्या घरी टेबल कुठं आहे?"
"नाही. म्हणून तर पाठ करते."
टेबल, टेबलाला, टेबलाचे, असे. आम्हालाही गुरुजींनी हेच शिकवले होते, राम रामास रामाचा. मग मराठीत असताना लॅटिन कायले? ट्रीजा हसली. ती हसते तेव्हा मला वाटते काहीतरी लपवते.

१४ जाने.
मुकेशशी बोललो. दाखल्याचे काय? म्हणाला, "बाबूजी, सतरा नंबरचा फॉर्म भरला का दहावीले बाहेरून बसता येते." कोण भरून देणार, कोण सही करणार, त्याला माहीत नाही. बाप असून माहीत नाही.
मी चौथीतून निघालो. पाचवीला दुसऱ्या गावी जावे लागे, वडिलांनी ढोरांमागे लावले. पुढे पाटबंधाऱ्यात चौकीदाराची जागा निघाली. साहेब बोलला, माणूस चांगला, सातवीचा दाखला आण. आणला असता तर. माझ्याहून कमी अक्कल असलेला लागला. त्याला पेन्शन आहे.
कलाजवळ तर चौथीचाही नसेल.

१७ जाने., मंगळ.
दवनीवाड्याच्या बाजारात डोमाजी भेटला. सगळ्यांसमोर म्हणाला, "काऊन गा, तुयी नात बाटवून राहिले का घरीच?" मी म्हटले, तिचा बाप्तिस्मा वसईलाच झाला, नवीन काय बाटवणार? आणि मुकेशच्या लग्नाच्या पंगतीत तू दोनदा बुंदी घेतलीस तेव्हा विचारले नाहीस. लोक हसले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिले. दार लावून शिकवते ते कशाला? थंडी आहे म्हणते. थंडी मलाही आहे.

२० जाने.
तुरीच्या शेंगा सोलायला दाराजवळ बसलो. बसलो की आतला आवाज कमी होतो. उठून खोकलो की वाढतो. दोनदा करून पाहिले.

२३ जाने.
निळी वही. कला दुपारी लिहिते, मी गेलो की वर हात ठेवते. "पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही, आई म्हणाली." नऊ वर्षांच्या पोरीला माझ्यापासून काय लपवायचे असते?

२९ जाने., रवि.
तिघे गोंदियाला चर्चला गेले. घरी मी एकटा.
वही उघडली. उघडायला नको होती. जसे लिहिले होते तसे उतरवतो.
"प्रश्न : आजोबांचे ऐकावे काय? असे दिसते की ऐकू नये. एक, आजोबा चौथी शिकले आहेत. दोन, आजोबा लवकर चिडतात. तीन, आजोबा दाराआड उभे राहून ऐकतात आणि विचारले की खोकतात."
अक्षर कलाचे. शब्द तिचे नाहीत, आईचे. पान तिथेच संपले. पुढचे पाहायची छाती झाली नाही. वही होती तशी ठेवली.
जेवलो नाही. 

३१ जाने.
गावच्या शाळेतले टेंभरे गुरुजी सर्वे करायला आले. सहा ते चौदा वर्षांचे, शाळेत न जाणारे पोर घरात आहे का? मागल्या वेळी मी म्हटले होते, मामाकडे वसईला आहे. मुकेशनेच तसे सांगायला लावले होते.
या वेळी म्हटले, "आहे एक. नऊ वर्षांची."
गुरुजींनी नाव लिहिले. कारणाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटले, आईची मर्जी.
सही केली. ट्रीजा विहिरीवर होती, मुकेश शेतात. कोणाला माहीत नाही.

३ फेब्रु.
निरोप आला, माझ्याच हातात. सोमवारी, १३ तारखेला, मुख्याध्यापक आणि आणखी दोघे येणार, पोरीला वयाप्रमाणे वर्गात बसवायला. चांगलेच झाले. दाखला मिळेल. कागद पटक्याच्या घडीत ठेवला आहे.
कलाने आज माझी चप्पल पुसून ठेवली. न सांगता. का?

६ फेब्रु.
संध्याकाळी ट्रीजाने सगळ्यांना छपरीत बसवले. "बाबा, आज क्लाराचा वाद आहे. तुम्हीही बसा." कला उभी राहिली, निळी वही हातात. तेच वाचले. चौथी, चिडणे, दाराआड. मुकेश फस्सकन हसला. मी उठायला लागलो.
तिने पान उलटले.
"पण याच्या उलट, धानाच्या कोणत्या बांधीत आधी पाणी सोडायचं ते आजोबांना विचारतात, पुस्तकाला नाही. म्हणून उत्तर असे की ऐकावे. पहिल्याचे उत्तर, चौथीनंतर आजोबा शिकायचे थांबले नाहीत, फक्त शाळा थांबली. तिसऱ्याचे उत्तर, जो दाराआड उभा राहतो त्याला आत बोलावलेले नसते. चूक आत बसणाऱ्यांची."
मुकेशने विचारले, "अन् दुसऱ्याचं?"
"चिडण्याचं उत्तर अजून सापडलं नाही."
मी ट्रीजाला म्हटले, आधी वाईट कायले लिहून घेतले? म्हणाली, "आपल्याला जे पटत नाही ते आधी मांडायचं, समोरच्यालाही जमणार नाही इतकं चांगलं. मग आपलं बोलायचं. नाहीतर तो वाद नाही, भांडण. आमच्यात शेकडो वर्षं असंच शिकवत आले."
मग वही मागून घेतली. दुसरे पान नंतर घातले असेल, माझ्यासाठी गोड करून? तारीख पाहिली. २५ जाने. शाई एकच. मी चोरून वाचले त्याच्या आधीचे.

८ फेब्रु.
टेंभरे गुरुजींच्या घरी गेलो.
"गुरुजी, ते नाव काढा."
"काऊन? तुमीच त सांगतलं."
"चुकलं माझं."
"पोट्टी आहे का नाही?"
"आहे."
"शाळेत जाते?"
"नाही."
"मग चूक कोणची, बुवा?"
यादी तालुक्याला गेली. त्यांनी चहा दिला. प्यालो नाही.

१२ फेब्रु., रवि.
ट्रीजा चर्चहून आली, तळ्यातले मासे साफ करत बसली. सांगितले. सगळे, वहीचेही. तिचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर बरे.
"किती जण येणार उद्या?"
"तिघं."
"तुम्हाला अजून वाटतं, क्लारानं शाळेत जावं?"
खोटे बोलता आले असते. म्हटले, दाखल्याची भीती वाटते. ती सुटत नाही.
"मग उद्या तेच सांगा. माझ्यासाठी गिळू नका. मी माझं सांगेन."
हा राग की खरेच? मुकेश माझ्याशी बोलत नाही. हा राग. हा कळतो.
कलाला वर्गात बसायचे आहे का, ते कोणीच विचारले नव्हते. मी विचारले. म्हणाली, "डबा खायला आवडायचं. बाकी इथं."

१३ फेब्रु., सोम.
सकाळचे दहा. छपरीत ट्रीजाने पुस्तके मांडली, लॅटिनचे वर. तीन खुर्च्या पाहुण्यांना, सतरंजी घरच्यांना. चौथी खुर्ची शेजारून आणली, ती माझ्यासाठी. मुकेश म्हणाला, "बाबूजी तिकडं बसतील, त्यायच्याच संगं." ट्रीजा म्हणाली, "बसू दे त्यांना हवं तिथं."
खुर्ची मधे ठेवली आहे. मी अजून आतच.
दोन मोटारसायकली थांबल्या. कला फाटक उघडायला धावली. गुरुजी विचारत आहेत, बुवा कुठे आहेत, सही त्यांची आहे, आधी त्यांचेच ऐकू...