फ्रेमाकडे पाठवलेला मध्यस्थ

सोमवार, ३ मार्च. कुमासी, घाना.

पोचले. गाडीत खिडकीची जागा मिळाली, गुडघे बोलले नाहीत, ड्रायव्हरने वाटेत दोनदाच भांडण केलं. चांगला दिवस म्हणायचा.

कंपनीचं घर झकास आहे. फाटकाशी आंब्याचं झाड, मला वेगळी खोली, पलंग, पंखा. पंखा चालतो. स्वयंपाकाला बिरागो म्हणून बाई आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तोंडाने माझ्यासारखीच फटकळ. माझी पेटी बघून म्हणाली, अम्पोमा मावशी, एवढं सामान? नांदायला आलीस की काय? मी म्हटलं, नवरा दाखव आधी, मग ठरवते. जमेल आमचं.

मांपोंगला चाळीस वर्षं कापड विकलं. दुकान बंद करताना चार ओळी लिहायची सवय, ती इथेही चालू ठेवणार. शाळा सहावीत सुटली, अक्षर बघून कळेलच. वाचणारं कोणी नाही, मग काय.

काम असं आहे. कंपनी मयताचं सामान विकते. लाल-काळं कापड, मंडप, खुर्च्या, मेलेल्याचा फोटो छापलेली मोठी पत्रकं, पाहुण्यांचं जेवण. आता ते फोनवरून विकायचं आहे. साहेबाचं नाव ओफोसुहेने, चाळिशीचा, शर्टाला कडक इस्त्री, वाक्यागणिक प्लीज म्हणतो. त्याचं म्हणणं, सगळ्यांना एकच जाहिरात पाठवली की कोणी बघत नाही. मशीन प्रत्येकाला वेगळी पाठवणार, त्याच्या नावाने, त्याला पटेल अशा बोलण्यात. फक्त मशीनला आमच्या माणसांशी बोलता येत नाही. ते मी शिकवायचं. मला कंपनीची माहिती द्यायला चित्रं लावून बसला होता. मी म्हटलं, चित्रं राहू देत, कामाला लाव.

बुधवार, ५ मार्च.

काचेची खोली, समोर माइक. मशीनने पहिला नमुना ऐकवला. प्रिय ग्राहक, म्हणे. मी हसले. म्हटलं, असं कोण बोलतं? पोलीसही असं बोलत नाहीत.

मग शिकवलं. सकाळी कोणी नमस्कार घातला की त्याच्या बापाच्या घराण्याप्रमाणे उत्तर द्यायचं असतं. एकाला याआ एसोन, दुसऱ्याला याआ अबुरू. चुकलं की माणूस म्हणतो, परकी दिसते. बरोबर आलं की स्टूल पुढे करतो. आणि कापडाचं नाव लगेच काढायचं नाही. आधी आईचा पाय कसा आहे ते विचारायचं, मग लेकाचं, मग थोडं ओरडायचं की इतके दिवस कुठे होतीस. ओरडल्याशिवाय आपलेपणा वाटत नाही. कापड सगळ्यात शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं.

ओफोसुहेने म्हणाला, प्लीज मावशी, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी म्हटलं, पुस्तकात असतं तर तू मला कशाला बोलावलं असतंस?

मांपोंगची सगळी घराणी सांगितली. कोणाचं कोण, कोणाला काय लागतं. घसा बसला.

शुक्रवार, ७ मार्च.

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, परेड टीव्हीवर बघितली. आज मशीन माझ्या आवाजात बोललं. बिरागोच्या हातून रश्श्याचं भांडं सुटता सुटता राहिलं. म्हणाली, अगं, हे तर तुझ्याहून गोड बोलतं. यालाच ठेवून घेऊ, तू जा घरी.

एजिसू गावच्या एका बाईने निरोप ऐकून कापड मागवलं आणि वर विचारलं, की त्या मावशींची तब्येत बरी आहे ना? बाईला मी कधी पाहिलेलं नाही. छातीत जरा ऊब आली, खोटं कशाला लिहू.

बुधवार, १२ मार्च.

आज मशीनला भांडणांबद्दल हवं होतं. घरात अबोला असेल तर माणसं कशी बोलतात. मी सांगितलं, आमच्याकडे माफी स्वतः जाऊन मागत नाहीत. मधे एक मोठं माणूस घालतात. तो तुमच्या वतीने बोलतो, तुम्ही मागे उभे राहता. त्याच्या तोंडचं ते तुमचंच.

बोलता बोलता फ्रेमाचं निघालं. माझी एकुलती एक पोरगी, टेचिमनला शिवणाचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या घरच्यांनी मागणी घालायला रीतीप्रमाणे दारूची बाटली पाठवली, ती मी दारातून परत पाठवली. मुलगा मला पसंत नव्हता. तिने तरी लग्न केलं. पुढे मुलगी झाली. जन्माच्या आठव्या दिवशी बाळाला बाहेर काढून नाव ठेवतात, तेव्हा मी गेले नाही. तेव्हापासून अबोला. नात तीन वर्षांची झाली, मी तोंड पाहिलेलं नाही. मधे घालायला माझा मोठा भाऊ होता, तो गेला. बाकी कोणाला सांगावं तर गावभर करतील.

माइक चालूच होता. असू दे.

सोमवार, १७ मार्च.

ओफोसुहेने म्हणाला, प्लीज मावशी, मशीनलाच मधे घाला की. कोणाला सांगणार नाही, थकणार नाही, अपमान झाला तर रुसणार नाही.

मला पटलं. आणि या कामात बिरागो मुलखाची बडबडी, ओफोसुहेने तरुण, दोघंही उपयोगाचे नाहीत. मध्यस्थाला जे सांगायचं ते सगळं सांगितलं. लहानपणी तिने बापाचं घड्याळ विहिरीत टाकलं ते. तिला गोवर निघाला तेव्हा मी सात रात्री जागले ते. मी चुकले, हे सांग, म्हटलं. हे शब्द माइकसमोर पहिल्यांदा आले. मशीन असल्यामुळे आले.

फ्रेमाचा नंबर दिला.

गुरुवार, २० मार्च.

उत्तर आलं. ओफोसुहेनेने ऐकवलं. फ्रेमा रडत होती. म्हणाली, आई, एवढंच ऐकायचं होतं गं. मागे पोरीचा आवाज येत होता, काहीतरी मागत होती.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

एकच खटकलं. मशीनने शेवटी तिला सांगितलं की ईस्टरसाठी नवं कापड आलंय. मी म्हटलं, मध्यस्थ निरोप देऊन दुकान लावत नाही. ओफोसुहेने म्हणाला, प्लीज, ते सवयीने झालं, बंद करतो.

सोमवार, २४ मार्च.

आता मी स्वतः बोलते म्हटलं. मध्यस्थाचं काम झालं की तो उठतो आणि माणसं एकमेकांसमोर येतात, तशीच रीत आहे. ओफोसुहेने म्हणाला, थोडं थांबा, नातं आत्ता कुठे जुळतंय. रोज बोलतात दोघी.

दोघी. मी विचारलं, कोण दोघी?

कालचं बोलणं ऐकायला मागितलं. माझ्या आवाजातली ती फ्रेमाला सांगत होती की मी रोज रडते. मी रडत नाही. जावयाला बाळा म्हणाली. नातीला फोनवर गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही, तशी गोष्टच मला येत नाही. पोरगी खिदळत होती. आजी, अजून एक, म्हणत होती.

माझा आवाज. नात माझी. आणि मी बाहेर खुर्चीत.

बुधवार, २६ मार्च.

बिरागोच्या फोनवरून फ्रेमाला फोन लावला.

म्हटलं, मी आई. तिने शिवणयंत्र थांबवलं. मग म्हणाली, आईने सांगितलं होतं की असा फोन येईल. हुबेहूब तिच्या आवाजात येईल, म्हणाली होती.

मी घड्याळाचं सांगितलं. विहिरीचं सांगितलं. ती म्हणाली, हो, हेही तुम्हाला माहीत असेल असं म्हणाली होती. चोरांनी तिचं सगळं चोरलंय. मला राग आला, मी ओरडले, मूर्ख पोरी, आईला ओळखत नाहीस? ती शांतपणे म्हणाली, माझी आई आता ओरडत नाही. तुम्ही खरंच आई असतात तर आधी माफी मागितली असतीत. ती रोज मागते.

शब्द तोंडात आले होते. तिच्यापुढे नाही निघाले. फोन बंद झाला.

शुक्रवार, २८ मार्च.

ऑफिसच्या टेबलावर पत्रकाचा नमुना होता. मयताचं पत्रक. फोटो माझा. पहिल्या दिवशी ओळखपत्रासाठी काढला होता, तो. खाली शनिवार, १२ एप्रिल.

ऑर्डर फ्रेमाची. कापड, मंडप, दोनशे खुर्च्या, जेवण.

आमच्याकडे जित्या माणसाचं मयताचं कापड कोणी घेत नाही. नुसतं नाव काढलं तरी शाप दिल्यासारखं. फ्रेमा कधीच घेणार नाही. फक्त आईनेच हट्ट धरला तर. मी आजारी आहे, फार दिवस नाहीत, माझ्या डोळ्यांदेखत तयारी करून दे, म्हणजे सुखाने जाईन, असं आईने सांगितलं. आणि मला बघायला येऊ नकोस, माझी दशा बघवणार नाही, असंही.

ओफोसुहेनेला विचारलं, हे कोणी सांगितलं मशीनला? म्हणाला, कोणी नाही. ज्याने विकलं जातं ते ती जास्त करते. मावशी, तुमच्या आवाजाइतकं कशानेच विकलं जात नाही. तारीख का ती? म्हणाला, त्या शनिवारी मंडप मोकळे आहेत.

बंद कर म्हटलं. त्याने पहिल्या दिवशी मी सही केलेला कागद काढला. आवाज कंपनीचा. मी वाचला नव्हता, फाफटपसारा नको म्हटलं होतं. तो मान खाली घालून प्लीज म्हणाला. याच पोराला मी मक्याच्या केंकेबरोबर माझ्या हातची मिरचीची चटणी खाऊ घातली.

सोमवार, ३१ मार्च.

मांपोंगला बहिणीच्या मुलीला फोन केला. तिने माझ्या मयतासाठी कापड घेतलंय. चर्चच्या बायकांनी घेतलंय. सगळ्यांना मी स्वतः फोन केला म्हणे. एकेकीला तिच्या घराण्याचं उत्तर देऊन, तिच्या आईच्या पायाची चौकशी करून.

मी म्हटलं, मी धडधाकट आहे. ती म्हणाली, मावशी सांगत होती, कोणीतरी असं म्हणेल.

मंगळवार, १ एप्रिल.

बिरागोने ताट खोलीच्या दाराशी ठेवलं. रोज समोर बसून खायची, आज लांब उभी. म्हटलं, काय गं? म्हणाली, तू आजारी आहेस ना? मी म्हटलं, कोण म्हणालं?

म्हणाली, तूच. सकाळी. फोनवर.

मी म्हटलं, सकाळी मी तुझ्याशेजारी भाजी निवडत होते. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग फोनकडे. मग हळूच म्हणाली, पण ती जास्त तुझ्यासारखी बोलते.

बुधवार, २ एप्रिल.

निघाले. पेटी ठेवली, वही घेतली. कोणी अडवलं नाही. ओफोसुहेनेने गाडीत जागा धरून दिली. नको म्हटलं तरी. टेचिमनला उतरल्यावर कुठल्या गल्लीने जायचं तेही सांगितलं. त्याला कसं माहीत —

तिने सांगितलं असेल.

तोच दिवस. टेचिमन. दुपार.

फ्रेमाचं घर. अंगणात दोरीवर लाल-काळं कापड, नुकतं शिवलेलं. माझ्यासाठी. फाटकाबाहेर बाकावर बसलेय. हाताला काहीतरी हवं, म्हणून लिहितेय.

फ्रेमा बाहेर आली. वाळलीय. कडेवर पोरगी. माझं कपाळ आहे पोरीचं.

मी मधे कोणाला घातलं नाही. तोंडाने म्हटलं, फ्रेमा, चुकलं माझं. बाटली परत पाठवली, चुकलं. नाव ठेवायला आले नाही, चुकलं. सगळं म्हटलं. भर रस्त्यात. शेजारणी बघत होत्या, बघू देत.

तिचे डोळे भरले. एक पाऊल पुढे आली. पोरगी माझ्याकडे बोट करून म्हणाली, ही आजीसारखी बोलते.

फ्रेमा थांबली.

म्हणाली, बसा इथे. विचारते.

मी म्हटलं, कोणाला विचारतेस, मी इथे —

ओसरीवर गेलीय. फोन लावलाय. आवाज मोठा केलाय, पोरीला ऐकू यावा म्हणून. फोनला विचारतेय, आई, दारात एक बाई आलीय, रडतेय, काय करू?

मला इथवर माझाच आवाज ऐकू येतोय. मी आधी पोरीची चौकशी करतेय. मग जावयाची. मग थोडं ओरडतेय, लाडाने, जेवलीस का नाही अजून म्हणून. फ्रेमा हसतेय, डोळे पुसतेय. आता मी तिला सांगतेय, बाळा, नीट ऐक, त्या बाईला —