घरात माणसं किती

६ जानेवारी

आजपासून माझीही वही. नात ऊर्मी माझ्यावर वही लिहिते. मी काय बोलले, बोलता बोलता गॅस बंद करायला उठले का, सगळं. संशोधन करणाऱ्याने रोज टिपायचं असतं म्हणे. म्हटलं, मग मी तुझ्यावर टिपते. अक्षर मला येत नाही, तर तूच लिही. सांगेन तेच लिहायचं, गाळायचं नाही, वाचून दाखवायचं. हसली, पण बसली.

पहिली नोंद: ऊर्मी पेन चावते. लिहिलंस? वाच बघू.

विषय तिचा, गिरणीवाल्यांना जेवू घालणाऱ्या बायका. म्हणजे मी. आज लालबागला आमचा अकरावा मजला आहे ना, तिथेच खाली चाळ होती. एका खोलीत माझी खानावळ. गावची माणसं जेवायला नि झोपायला. मेंबर म्हणायचे त्यांना.

९ जानेवारी

छापील कागद घेऊन आली.
‘घरात माणसं किती?’
म्हटलं, कुठल्या पाळीला?
पेन थांबलं. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच चटईवर आडवे. चटई कधी थंड झाली नाही. सगळे मिळून बावीस.
‘आजी, कुटुंबातले सांग ना.’
कुटुंबातलेच सांगतेय गो.
लिहिलं बावीस. संमतीच्या कागदावर अंगठा मागितला. म्हटलं, आधी पुरं लिहून होऊ दे. न वाचता अंगठा द्यायला मी काय अडाणी आहे?

१४ जानेवारी

संक्रांत. ऊ. (ऊर्मी आता स्वतःचं नाव एवढंच लिहिते) कॉलेजातून तोंड पाडून आली. तिच्या सरांनी बावीसवर लाल रेघ मारली नि वर पाच लिहिले. नवरा, सासू, दोन मुलं, मी. दहा बाय बाराच्या खोलीत बावीस मावत नाहीत म्हणे. ‘वयोमानाने आजींचा गोंधळ होत असेल.’

सरांसाठी बांधलेला तिळगूळ परत डब्यात ओतला. मला नाही गोड बोलायचं.

१७ जानेवारी

ऊ.ला विचारलं, तुझ्या सरांना खरं म्हणजे काय वाटतं? तर दीड तास शिकवलं मला. संशोधनात तीन घराणी आहेत. एक म्हणतं, जग बाहेर आहे, कोणीही मोजलं तरी आकडा तोच यायला हवा. दुसरं म्हणतं, माणूस आपल्या जगण्याचा काय अर्थ लावतो ते त्याच्याकडून समजून घ्या. तिसरं म्हणतं, आधी बघा, विचारणारा कोण, नि कोणाचं बोलणं खरं धरायचं हे ठरवलं कोणी. नावं लांबलचक. प्रत्यक्ष-काहीतरी-वाद. सर पहिल्यातले.

म्हटलं, हे तर आपल्या गल्ल्यांसारखं झालं. प्रत्येक गल्लीचा गणपती वेगळा, नि नवसाला पावणारा फक्त आपलाच.
‘तू कुठल्या घराण्यातली, आजी?’
मी रांधणारी. तांदूळ मापाने घेते. मीठ हाताला कळतं. नि माशाचं डोकं कोणाच्या ताटात पडलं, त्यावरून घर कोणाचं ते कळतं. एका जेवणाला तिन्ही लागतात. तुझ्या सरांना नुसतं माप देऊन बसव चुलीपुढे.

हे तिने माझ्या वहीत लिहून परत स्वतःच्या वहीतही उतरवलं. चोर.

२१ जानेवारी

प्रबंधाचं प्रकरण ३० तारखेला सरांना द्यायचंय. नाही घेतलं तर ऊ.चं वर्ष फुकट. रडकुंडीला आली. मग तिनेच मधला मार्ग काढला: तक्त्यात पाच, नि बावीस तळटिपेत.
तळटीप म्हणजे?
‘पानाच्या खाली, बारीक अक्षरात.’
म्हणजे मोरीपाशी.
नाही. माझे मेंबर मोरीपाशी बसले नाहीत कधी. पाच लिहायचे असतील तर माझी खोलीच काढ तुझ्या पुस्तकातून. अंगठा नाही.
‘आजी, माझं वर्ष जाईल.’
माझी सतरा माणसं जातायत.
दोघींनी आपापलं ताट वाढून घेतलं.

२५ जानेवारी

साक्ष काढायला ऊ.ला परळला नेलं. बाबुराव. सात वर्षं माझ्याकडे जेवलेला. आता सुनेकडे असतो. म्हटलं, सांग हिला, किती होतो आपण.
‘बावीस, वयनी. कधी तेवीस.’
मी ऊ.कडे बघितलं. बघ!
मग तिने विचारलं, ‘तुम्ही स्वतःला त्या घरातले मानायचात?’
तो म्हणाला, ‘तुझ्या आजीच्या हातचं जेवण मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला टायफॉईड झाला तेव्हा हिनेच एस.टी.त बसवून गावी धाडलं. घरच्याला कोण धाडतं?’
खोलीत दोन पोरं होती माझी. चटई सगळ्यांची एकच. हे मी त्याला सांगितलं नाही. चहा घेतला, उठलो.
पुलाखालून चालत येताना ऊ. म्हणाली, ‘आजी, हे लिहू?’
उत्तर दिलं नाही. हेही लिही.

२८ जानेवारी

दोन दिवस वही उघडली नाही. काल ऊ. हळूच म्हणाली, गाळते मी ते टायफॉईडचं.

खबरदार. सरांनी माझे सतरा गाळले तर मी भांडले, आता माझ्यासाठी एकाला गाळतेस? मला लाज वाटते म्हणून? वाटू दे. तो म्हणतो मी घरातला नव्हतो, मी म्हणते होतास. दोन्ही लिही. आमचं भांडण छाप. पण पाच नाही. पाच म्हणणारा त्या खोलीत कधी आलाच नव्हता.

३० जानेवारी

सकाळी ऊ.ने पूर्ण वाचून दाखवलं. तक्त्यात माझ्या खोलीपुढे आकडा नाही. ‘पान पाहा’ असं आहे. त्या पानावर पाळ्या, चटई, बाबुरावची एस.टी., सगळं. बारीक अक्षरात नाही ना? विचारून घेतलं. नाही म्हणाली.

अंगठा दिला. शाई अजून निघत नाही.

सरांना पाठवून तास झाला. आता त्यांचाच फोन वाजतोय. ऊ. माझ्याकडे बघते, तू बोल ना आजी, म्हणते. मी कशाला? माझं बोलून झालंय, त्या पानावर आहे. पुस्तक तुझ्या नावाचं. तूच सांग त्यांना, आकडा का नाही ते.

पेन ठेव गो. घे फोन.