दोघांचं जेवण

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बेटावर येऊन आठवडा झाला. दिवस कसा आखल्यासारखा चाललाय. सहाला उठून किनाऱ्यावर चक्कर, मग व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, दुपारी झोप. गादीत वाळू आणि उकाडा असा की तोंडाला पावडर लावली की तिचं पीठ मळलं जातं. संध्याकाळी मात्र रोज धक्क्याजवळच्या हॉटेलात. तीस वर्षं कॉलेजच्या कँटीनमध्ये पोरांना रांधून वाढलं, आता कुणीतरी मला वाढू दे, असं ह्यांचं म्हणणं. मेनूकार्ड पेपरासारखं वाचतात. तळलेला मासा, खेकडे, भात, वर पपई. माझे ब्लाउज घट्ट झालेत.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घरी वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, येताना बोटीत हिला दोन जागा लागणार. पण मला एक खटकलं. सगळं तूच खाल्लंस. आचारीबुवांच्या पोटात काय गेलं, त्याची एक ओळ नाही. त्यांच्या घशाचं ऑपरेशन वीस तारखेला ना? दवाखान्यात डबा मी आणणार, ठरलंय. चार दिवस आधी या. आणि काही लपवू नकोस. लहानपणीही खोटं बोलायचं असलं की तू फार सविस्तर बोलायचीस.

माया आहे म्हणून रागावते.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

ऑपरेशन होणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आजार छातीत उतरलाय, आता कापून काही हाती लागणार नाही. परतताना रिक्षातच ह्यांनी बेटाचं काढलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती आज मोडतेय.

मागवतात हे, जेवते मी. ह्यांना चमच्याने शहाळ्याचं पाणी तेवढं जायचं. परवा हॉटेलवाल्या बाईंनी विचारलं, साहेब कशाला हात का लावत नाहीत, स्वयंपाक बिघडतो का. ह्यांचा आवाज नीट फुटत नाही, तरी म्हणाले, "मीही आचारीच आहे, बाई. मासा बरोबर शिजलाय. बघून कळतं." बाई गेल्यावर मला म्हणाले, गार व्हायच्या आत खा.

कालपासून पाणीही उतरत नाही. इथल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. रविवारच्या बोटीत ह्यांना चढवता येईलसं वाटत नाही. तू निघू नकोस, पोचणार नाहीस.

तरी आज संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून, चौकटीला धरून उभे राहिले. हॉटेल चार घरांवर आहे, पाच वेळा थांबलो. दोघांचं मागवलं. समोर बसून ह्यांनी माझा एकेक घास बघितला. मी पानात काही टाकलं नाही.

यापुढे तुझी माया जास्तच लागेल, ती असू दे.

तुझी,
धाकटी